पहाटे तीनची बातमी : दहा मागवल्या, सात रिटर्न

रात्री अडीचला लालबागच्या फुटपाथवर माझं दुकान उघडतं. दुकान कसलं, खाली अंथरलेलं प्लास्टिक, दोन बाकडी, वर लोंबणारा एक बल्ब आणि डोळे चोळत आलेली चार पोरं. पेपरचे गठ्ठे आले की सुतळी कापायची, पुरवण्या भरायच्या, लाइनप्रमाणे, म्हणजे पोरांच्या घरोघर टाकायच्या वाटेप्रमाणे, अंक मोजायचे आणि साडेपाचच्या आत पोरांना सायकलवर बसवायचं. सत्तावीस वर्षं हेच चाललंय. सगळं जग झोपतं तेव्हा मी कामाला लागतो, आणि जग उठून 'काय झालं रे रात्री?' असं विचारतं तेव्हा मी जांभया देत असतो.

लोक मिक्सरचं परीक्षण लिहितात, मिसळीचं लिहितात. मी ज्या मालाचं रोजचं गिऱ्हाईक आहे त्याचं परीक्षण मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. तो माल म्हणजे रात्री बारा ते सकाळी सहा या वेळात मुंबईतला रेडिओ आणि टीव्ही देतो ती ताजी बातमी. मग म्हटलं आपणच लिहू. पेपरवाल्याने टीव्हीचं परीक्षण लिहिणं म्हणजे शिंप्याने चांभाराला नावं ठेवण्यासारखं आहे, हे मला कळतं. पण गरज माझी आहे. टेम्पो कुठल्या रस्त्याने येणार, पोरं कुठल्या गल्लीत अडकणार, हिंदमाताच्या चौकात पाणी किती तुंबलंय, हे मला तीन वाजता कळायला हवं. आठ वाजता कळून उपयोग नाही.

साहित्य सांगतो. चार सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही लागणारा. समोरच्या चहावाल्याचा टीव्ही, भिंतीला तारेने बांधलेला. आणि माझी रिटर्नची वही. आमच्या धंद्यात न खपलेला अंक म्हणजे रिटर्न. त्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर गेल्या पावसाळ्यात दीड महिना तीन रकाने आखले. कधी घडलं, मला कधी कळलं, त्यांनी कधी सांगितलं.

टीव्हीपासून सुरुवात करतो, कारण रात्री चोवीस तासांची पाटी लावून बसलेला तोच आहे.

साडेअकरापर्यंत मराठी वृत्तवाहिन्यांवर भांडण चालू असतं. सहा खिडक्या, सहा तोंडं. बारानंतर एकदम शांतता, आणि मग रात्री नऊचं बातमीपत्र पुन्हा लागतं. ते संपलं की गुडघ्याच्या तेलाची जाहिरात, अर्धा अर्धा तास. मग पुन्हा तेच बातमीपत्र. याला माझी हरकत नाही. शिळी भाकरी मीही खातो, पण ती शिळी आहे हे ताटात दिसतं. इथे अँकरबाई टवटवीत चेहऱ्याने सांगतात, 'आत्ताच हाती आलेल्या माहितीनुसार', आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दाखवतं ३:१२. ही माहिती हाती आली तेव्हा मी घरी आमटीभात खात होतो.

ते कोपऱ्यातलं घड्याळ ही रात्रीच्या टीव्हीवरची एकमेव ताजी बातमी. बाकी सगळं रेकॉर्ड केलेलं, पण घड्याळ थेट. जुलैत एका रात्री सव्वातीनला एका वाहिनीवर दादर चौपाटीच्या लाटा दाखवत होते. भरतीच्या लाटा, कठड्यावरून उसळणाऱ्या, खालच्या पट्टीत लोकांना समुद्राकडे न जाण्याचं आवाहन. वर डावीकडे लाल रंगात 'लाइव्ह'. आणि चित्रात लख्ख उजेड. माझा पुरवण्या भरणारा पोरगा मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, दादरला सूर्य उगवला वाटतं." दादर आमच्यापासून तीन-चार किलोमीटरवर. आमच्याकडे अजून बल्बभोवती पाखरं फिरत होती.

ही चूक कोणा एका वाहिनीची असती तर नाव घेऊन भांडलो असतो. चहावाल्याच्या रिमोटवर जेवढ्या मराठी वृत्तवाहिन्या लागतात त्या सगळ्यांनी दीड महिन्यात कधी ना कधी हे केलं. म्हणून नाव कोणाचंच घेत नाही.

आता वहीतलं एक पान पूर्ण सांगतो.

जुलैतला मंगळवार. पाऊस नव्हता. आमचा टेम्पो नवी मुंबईतल्या छापखान्यातून निघतो आणि तीनच्या आत लालबागला लागतो. २:४० ला ड्रायव्हरचा फोन आला. "दादा, रस्त्यावर नदी आलीय. पाऊस नाय, काय नाय, पाणी खालून उसळतंय." पाण्याची मोठी लाइन फुटली होती. मी टीव्हीकडे बघितलं : गुडघ्याचं तेल. वाहिनी बदलली : कालच्या विधिमंडळातला गोंधळ. तिसरी : कुठल्याशा देवळातली आरती. खालची पट्टी वाचून काढली, वाटलं तिथे तरी असेल. पट्टीवर रात्री अकराची तापमानं फिरत होती. ट्रान्झिस्टर फिरवला, एफएमवर गाणी चालली होती. गाणी छानच होती, तो मुद्दा नाही.

शेवटी १९१६ फिरवला. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर, माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. चौथ्या रिंगला एका बाईंनी उचलला. जागा विचारली, मी सांगितली. "नोंद झालेली आहे, व्हॉल्व बंद करायला माणसं गेलेली आहेत. त्या रस्त्याने गाडी आणू नका." तीन वाक्यं, वीस सेकंद. काय झालं, काय चाललंय, तुम्ही काय करायचं. बातमी म्हणतात ती हीच. ही बाई रात्री रेडिओवर बसली तर अर्धी मुंबई तिचं ऐकेल.

ड्रायव्हर वळसा घालून ३:३५ ला पोचला. पाणी साडेचारला ओसरलं. पोरं निघाली, मी चहा घेतला, घरी जायच्या तयारीत होतो आणि ७:०८ ला टीव्हीवर धाडकन संगीत वाजलं. 'सर्वात मोठी बातमी.' लाल पाटी, पिवळी पाटी, पुन्हा लाल पाटी. कोणीतरी बाल्कनीतून मोबाइलवर काढलेला व्हिडिओ, अंधारात उसळणारं पाणी. आणि अँकर सांगतोय, 'पाण्याचा प्रचंड प्रवाह आपण थेट पाहतोय.' मी त्याच रस्त्याने घरी गेलो. रस्ता वाळला होता, कडेला चिखलात एक चप्पल पडली होती. त्यांनी मात्र तो प्रवाह नऊपर्यंत वाहता ठेवला.

त्याच पानावर एक नोंद कौतुकाची आहे. सहा वाजून दहा मिनिटांनी एका खासगी एफएमवरची मुलगी दोन गाण्यांच्या मधे म्हणाली की अमुक रस्त्यावर लाइन फुटली होती, तिकडून गाडी काढू नका, आणि आसपासच्या भागात आज पाणी कमी दाबाने येईल, बादल्या भरून ठेवा. मग पुढचं गाणं. टीव्हीच्या एक तास आधी, आणि लोकांच्या कामाचं तेवढंच. त्या सकाळी लालबागमधल्या किती बायकांनी उठून नळ सोडला असेल! या मुलीचे दहाच्या दहा अंक खपले. दुःख एवढंच की ती सहाला येते. तिच्या आधी तिथे कोणी नसतं. मी एकदा रात्री दोनला स्टेशनच्या नंबरवर फोन लावून बघितला, कोणी उचलला नाही. गाणी आपली आपण लागत होती.

इथे खासगी एफएमला पूर्ण दोष देता येत नाही, आणि हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. २०११ च्या धोरणात काही गोष्टी 'बातमी नव्हे' म्हणून सोडवून दिल्या : वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-वीजपुरवठ्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे. म्हणजे लाइन फुटली हे सांगता येतं, कारण ते पाणी. झाड पडलं हे सांगता येतं, कारण ती वाहतूक. पण त्याच चौकात गोळी चालली तर ती बातमी, आणि बातमी म्हटल्यावर तोंडाला कुलूप. २०१९ च्या जानेवारीत आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी लावायची मुभा मिळाली, एक शब्द इकडचा तिकडे न करता. २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, शिफारस केली की तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्या. माझ्या ट्रान्झिस्टरवर आजवर खासगी एफएमची स्वतःची एकही बातमी वाजलेली नाही.

पण मग पहाटे तीनला पाणी, झाड, वाहतूक हे तरी सांगा ना. त्याला कोणाची बंदी आहे?

आकाशवाणीची गोष्ट वेगळी. तिला बातमी द्यायचा पूर्ण हक्क, पण मुंबईची बातमी द्यायला रात्री जागं कोणी नाही. अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला लागते. माझे वडील गिरणीत होते, घरात दुसरं स्टेशन लावलेलं मला आठवत नाही. रात्री प्रसारण संपलं की माझ्या सेटवर खरखर सुरू होते. आणि त्या खरखरीत एक गंमत आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा फार लांब जात नाहीत, वातावरणातला एक थर त्या शोषून घेतो. रात्री तो थर विरतो, लहरी वर जाऊन परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं ऐकू यायला लागतात. म्हणून पहाटे दोनला माझ्या डबड्यावर कधी गुजराती येतं, कधी कन्नड, कधी कुठली तरी अरबी वाटणारी प्रार्थना, समुद्राच्या लाटेसारखी वरखाली होणारी. सगळं जग लालबागच्या फुटपाथवर येतं, फक्त परळला काय झालं ते येत नाही. त्यात आता जिकडेतिकडे एलईडी दिवे. दिव्याच्या आतला स्वस्तातला सर्किटचा तुकडा मीडियम वेव्हवर एवढा गुरगुरतो की मला बातमी ऐकायला बल्ब बंद करावा लागतो. पोरं ओरडतात, मोजणी चुकते.

सकाळी सहाच्या सुमारास मात्र आकाशवाणीची ती धून वाजते. वॉल्टर कॉफमन नावाच्या परदेशी संगीतकाराने बांधलेली, आणि तरी आपल्या घरातली वाटणारी. मग वंदे मातरम. सातनंतरच्या प्रादेशिक बातम्या मी घरी जाऊन ऐकतो. एका चालीत वाचलेल्या, धाडधूड नाही, 'सर्वात मोठी' नाही. त्यात जे सांगितलं ते खोटं निघालंय असं सत्तावीस वर्षांत क्वचितच झालं असेल. आमच्या भाषेत सांगायचं तर अंक उशिरा येतो, पण रिटर्न शून्य. दूरदर्शनच्या सह्याद्रीचंही तेच. प्रदीप भिडे बातम्या वाचायचे त्या काळात आमच्या चाळीत सातच्या बातम्यांना जेवणं थांबायची. त्यांच्या आवाजात घाई कधी ऐकली नाही. पण वरळीच्या त्या केंद्रातून रात्री दोनला माझ्यासाठी कोणी येणार नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे तक्रारही नाही.

आमच्या लाइनवर एका वृत्तवाहिनीत रात्रपाळी करणारा मुलगा राहतो. पहाटे परतताना अंक माझ्याकडूनच हातात घेऊन जातो. त्याला मी एकदा दादरच्या सूर्याबद्दल छेडलं. तो हसला नाही. म्हणाला, "दादा, रात्री अख्ख्या शहराला एक रिपोर्टर, एक कॅमेरामन, एक गाडी. ते मुलुंडला गेले आणि कुलाब्याला काही झालं तर मी फायर कंट्रोलला आणि पोलीस कंट्रोलला फोन लावत बसतो. पट्टी मी बदलू शकतो, चेहरा नाही बदलता येत. अँकर पाचला मेकअपला येते." मग त्याने पैशाचं गणित सांगितलं. ज्या घरांत टीआरपीची मशिनं बसवलेली असतात ती घरंही रात्री तीनला झोपलेली असतात. बघणारं कोणी नाही म्हणजे जाहिरातीला दर नाही, दर नाही म्हणजे माणूस नाही. म्हणून तेलवाला. तेलवाला अर्ध्या तासाचे रोख मोजतो.

मी म्हटलं, मग निदान पट्टी तरी बदल. तो म्हणाला, बदलतो की, पण रात्री दोनला माझी पट्टी तुमच्याशिवाय कोण वाचतं? त्यानंतर मी वहीत पट्टीला वेगळा रकाना केला, आणि खरं सांगायचं तर याच्या वाहिनीची पट्टी इतरांपेक्षा बरी निघाली. दीड महिन्यात चार वेळा त्याने घटनेनंतर अर्ध्या तासात ओळ टाकली. शुद्धलेखन चुकलं होतं, पण वेळ बरोबर होती. टीव्हीचे दहापैकी तीन अंक खपले म्हणतो ते या मुलामुळे.

रात्रीचा टीव्ही खाडकन जागा झालेला मी पाहिलाय. २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्री साडेबाराच्या सुमाराला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली. चौदा माणसं गेली. मी अडीचला आलो तेव्हा बंबांचे आवाज चालू होते आणि चहावाल्याच्या टीव्हीवर खरोखरचं थेट चित्र होतं, दमलेला रिपोर्टर, मागे धूर. मला वाटलं, चला, सुधारले. नंतर लक्षात आलं, त्याच आवारात वृत्तवाहिन्यांची कार्यालयं होती. आग डोक्यावरच लागली होती, गाडी पाठवायचा प्रश्नच नव्हता.

रात्री कोसळणाऱ्या भिंती अशा सोयीच्या जागी नसतात. मालाडची पिंपरीपाडा, जुलै २०१९. चेंबूरचं भारतनगर, जुलै २०२१. दोन्ही ठिकाणी भिंत मध्यरात्रीनंतर आली, माणसं झोपेत असताना, डोंगर-टेकडीच्या कडेला. तिथल्या गल्ल्यांत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं, मोठी व्हॅन काय जाणार? अशा वस्त्यांना रात्री एकला टीव्हीवरचं चित्र नकोच असतं. पाऊस किती पडलाय, अजून किती पडणार, शाळा कुठली उघडली आहे, एवढं कानावर पडलं तर पुष्कळ. ते काम चार सेलच्या डबड्याचं आहे. आणि त्या वेळेला डबड्यावर कन्नड गाणी लागलेली असतात.

जागं राहिलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र टीव्ही पूर्ण जागा होता. पुढचे तीन दिवसही. चहावाल्याने त्या रात्री चहा केलाच नाही, आम्ही सगळे उभ्याने बघत होतो. बाल्कनीत कोण, गच्चीवर कोण, कमांडो कुठून उतरतायत, सगळं आम्हाला दिसत होतं, आणि ज्यांना दिसायला नको होतं त्यांनाही ते कळत होतं. पुढे २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ मध्ये केबलच्या नियमांतच आलं की अशी कारवाई चालू असताना थेट चित्र दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच द्यायचं. त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं स्थानिक प्रसारण कुठल्याच वाहिनीवर झालं नाही. ते सीएसटीच्या उद्घोषणा कक्षातून झालं. विष्णू झेंडे माइकवरून प्रवाशांना सांगत राहिले, मागच्या बाजूने बाहेर पडा, पुढे येऊ नका. कुठे जायचं आणि कुठे जायचं नाही. १९१६ वरच्या त्या बाईंचं तिसरं वाक्यही हेच होतं.

आता आमच्या मालाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर म्हणाल दुसऱ्याच्याच ताटातलं दिसतं. २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ. आदल्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरला तीन पक्षांची बैठक झालेली. रात्रीत आलेल्या जवळजवळ सगळ्या पेपरांवर एकच मथळा, शब्द तेवढे वेगळे : उद्धव ठाकरे मुख्यमंत्री. आम्ही मन लावून पुरवण्या भरल्या. टीव्हीवर त्याच बैठकीची कालची दृश्यं फिरत होती. ५:४७ ला राष्ट्रपती राजवट उठली तेव्हा माझी शेवटची सायकल नुकतीच सुटली होती. आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेताना टीव्हीवर दिसले आणि माझा फोन वाजायला लागला. पहिला फोन आमच्या तिसऱ्या लाइनवरच्या एका आजोबांचा. "अरे, तू मला कुठल्या गावचा पेपर टाकलास?" मी म्हटलं, "आजोबा, तारीख बघा, आजचाच आहे." तर म्हणाले, "तारीख आजची आहे रे, पण बातमी उद्याची छापलीय की कालची तेच कळत नाही." त्या दिवशी स्टॉलवर मात्र एकही रिटर्न राहिला नाही. लोकांनी आठवण म्हणून विकत घेतले. चुकलेल्या अंकाला गिऱ्हाईक मिळतं हे मी धंद्यात पहिल्यांदा पाहिलं. ऐंशी तासांत ते सरकार गेलं आणि तो मथळा आठवड्याभरात खराही झाला, ती गोष्ट वेगळी.

पण आजोबा काय म्हणाले बघा, तारीख आजची आहे. आमचा पेपर चुकला तरी कधी छापला, कोणी छापला, कुठे छापला हे त्याच्या अंगावर असतं. प्रत्येक पानावर तारीख, तळाला बारीक अक्षरांत मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता. शिळा पेपर ताजा म्हणून मी विकू शकत नाही, भेळवालासुद्धा फसणार नाही. टीव्हीला मी जास्त काही मागत नाही. रात्री माणूस ठेवणं परवडत नाही, ठीक. गुडघ्याचं तेल विका, तेही ठीक. फक्त प्रत्येक चित्रावर ते कधी काढलं त्याची वेळ टाका. 'काल दुपारी ४:१०' एवढं लिहा त्या लाटांवर. जुनं बातमीपत्र असेल तर तसं लिहा. याला ना रिपोर्टर लागतो ना गाडी. रात्रपाळीचा तो मुलगाही एकट्याने करू शकेल. मी त्याला म्हटलं तसं. तो म्हणाला, "दादा, 'लाइव्ह' काढायचा अधिकार माझा नाही."

व्हॉट्सॲपचं विचारू नका. आमच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी येतं हे खरं, पण त्याच रात्री कुठल्या तरी परमुलखातली पडलेली इमारत करी रोडची म्हणूनही येते.

तर सध्या माझी घडी अशी बसली आहे : बारा ते सहा १९१६ आणि टेम्पोवाला, सहाला एफएमवरची मुलगी, सातनंतर आकाशवाणी. टीव्ही घड्याळ बघायला.

काल रात्रीची नोंद अजून ओली आहे. २:५२, ड्रायव्हरचा फोन, सायनला झाड आडवं पडलंय, फ्रीवेने येतो. ३:२० ला आला. गठ्ठे उतरवता उतरवता त्याने टीव्हीकडे बघून विचारलं, "दादा, आलं का आपलं झाड?" मी मान हलवली. म्हणाला, "फोटो काढलाय मी, चांगला आलाय. यांना पाठवू का?" म्हटलं पाठव. आम्ही दोघं पडद्यासमोर उभे राहिलो, चहावाल्यानेही चष्मा लावला. खाली मोठ्या पिवळ्या अक्षरांत एक नंबर होता. ड्रायव्हरने तो मोबाइलवर टाकायला घेतला आणि अर्ध्यात थांबला. तो तेलाची ऑर्डर द्यायचा नंबर होता.